छप्पर नाही, मागची सीट नाही

कडाव
११ ऑगस्ट २०२४

प्रिय पौर्णिमा,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे. पण आपण फोनवर जे करतो त्याला बोलणं म्हणता येत नाही. परवा तू विचारलंस, "जेवलात का?" आणि मी म्हणालो, "हो, धुऊन वाळत घातलंय." नोकरीबरोबर माझे कानही निवृत्त झाले. मशीन लावलं की माणसांपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो. म्हणून लिहितोय. दूधवाला सुनील रोज टेंपो घेऊन तुझ्या आईच्या दारावरून जातो, तो पत्र देईल. उत्तरही त्याच्याकडेच दे.

आईंचा खुबा कसा आहे? ऑपरेशनचे टाके सुकले का? वॉकर घेऊन उठतात की अजून तुझ्यावर ओरडूनच काम भागवतात?

आता मुख्य बातमी. मी गाडी बनवतोय.

कळंबला एक जुना बंगला पाडून रिसॉर्ट होतंय. तिथे मागच्या बाजूला एका फोर्ड गाडीचा सांगाडा पडला होता. कुणा शेठची, स्वातंत्र्याच्या आधीची. इंजिन नाही, चाकं नाहीत, आत कोंबड्या. नवा मालक म्हणाला, "काका, न्यायची तर न्या, नायतर मी तिच्यात बोगनवेल लावणार हाय." मला ते बघवलं नाही. कोंबड्या उतरवल्या आणि घेऊन आलो. एक कोंबडी उतरायला तयार नव्हती, ती कडावपर्यंत आली.

या गाडीची हॉट रॉड करायची आहे. म्हणजे काय, तर अमेरिकेत पूर्वी तरुण पोरं जुनी गाडी घ्यायची, तिच्यावरचं मडगार्ड, बंपर, छप्पर, जे निघेल ते काढून टाकायची आणि तिला तिच्या ऐपतीबाहेरचं इंजिन बसवायची. त्यातली रोडस्टर म्हणजे छप्पर नाही, मागची सीट नाही, जागा फक्त दोघांची. हे सगळं ती पोरं विसाव्या वर्षी करायची. मी एकसष्टाव्या वर्षी सुरू केलं, कारण त्याआधी माझी फाईल वर गेली नव्हती.

गुरू मोबाईलमध्ये आहे. एक म्हातारा अमेरिकन घरच्या शेडमध्ये अशाच गाड्या करतो. तो बोलतो ते ऐकू येत नाही, म्हणून खाली मराठी अक्षरं लावतो. ती अक्षरं यंत्र लिहितं. काल लिहून आलं, "चपट्या डोक्याला तापू देऊ नका." मी दिवसभर टोपी घालून काम केलं. मग कळलं, ते एका जातीच्या इंजिनाचं नाव आहे.

काम गोठ्यात चालतं. बाकी काही विशेष नाही.

तुझा,
दामोदर


खालापूर
१९ ऑगस्ट २०२४

अहो,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुजा नवरा येडा नाय गं, मोकला हाय." मी म्हटलं, दोन्ही असू शकतो.

तुम्हाला सायकलची चेन बसवता येत नाही. तुम्ही पंख्याची पाती उलटी बसवली होतीत आणि आख्खा उन्हाळा आपण छताला वारा घातला होता. आणि मुख्य म्हणजे तुम्हाला चारचाकी चालवता येत नाही. हे गुरूला सांगितलंत का?

आई वॉकर घेऊन मोरीपर्यंत जाते. खोपोलीला व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं. राजेश पुण्याला बसने जातो आणि त्याची गाडी इथे दारात झाकून ठेवलेली असते. आम्ही तिच्या बाजूने रिक्षात बसायला लंगडत जातो. माझ्या भावाचं हे असं आहे. गाडी खराब होऊ नये म्हणून तो ती वापरत नाही.

तुम्ही लिहिलंत, काम गोठ्यात चालतं. गोठ्यात म्हैस आहे. पत्रात कोंबडीचं आलं, अमेरिकनाचं आलं, म्हशीचं एक अक्षर नाही. ती कुठे आहे?

पौर्णिमा


कडाव
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय पौर्णिमा,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला. हाताला ग्राइंडर लागला होता. घाबरू नकोस, फक्त नख गेलं. तेही डाव्या हाताचं.

इंजिन मिळालं. खोपोलीच्या भंगारवाल्याकडे एक जीप उभी होती, तिचं इंजिन आणि चेसिस दोन्ही आपल्याला जमण्यासारखं. आता फोर्डची बॉडी त्या चेसिसवर बसवायची. गुरू म्हणतो, बॉडी जितकी खाली बसेल तितकी शोभा. मी इतकी खाली बसवली की आत बसल्यावर स्टिअरिंग पोटाला लागायला लागलं. आता एकतर बॉडी वर घ्यावी लागेल, नाहीतर पोट आत. निलेशने सांगितलं, "काका, बॉडी वर घेऊ, ती लवकर व्हईल."

निलेश म्हणजे आपल्या नाक्यावरचा वेल्डर. त्याने आयुष्यात फक्त खिडक्यांच्या ग्रिल आणि गेटं केली आहेत. त्यामुळे गाडीची पुढची जाळी कडावमधल्या कुठल्याही बंगल्याला लावता येईल. मी म्हटलं, जरा वेगळं कर. त्याने मधोमध कमळ काढलं. ते आता कापून काढतोय.

बॉडीला खालून गंजून भोकं पडली होती. तेलाच्या डब्यांचा पत्रा ठोकून बुजवली. बाहेरून कळत नाही. आत मात्र पायाशी वाकून बघितलं तर 'शुद्ध शेंगदाणा तेल' असं वाचता येतं. समोरची काच गुरूच्या पद्धतीने अर्धी कापली. दिसायला झकास. पण वारा काचेवरून थेट तोंडात येणार, म्हणजे गाडीत बसून काही बोलता येणार नाही. माझ्या बाबतीत त्याने फरक पडत नाही.

एक अडचण आहे. ही गाडी रस्त्यावर नेता येणार नाही. असं जोडकाम पास होत नाही. आयुष्यभर मी काउंटरच्या आतून लोकांना सांगितलं, "हे नियमात बसत नाही." आता मी एक अख्खी गाडी बनवतोय जी नियमात बसत नाही. भात कापलं की आपल्याच शेतात फिरवीन.

म्हैस मजेत आहे.

तुझा,
दामोदर


खालापूर
२ ऑक्टोबर २०२४

म्हैस मजेत आहे, पण ती ओढ्यापलीकडे जैतूच्या वाडीवर आहे. ऑगस्टपासून आहे. हे मला सुनीलने सांगितलं, आणि त्याला वाटलं मला माहीत आहे. तो म्हणाला, "वहिनी, म्हशीनं तिकडं चांगलं अंग धरलंय."

जैतू चांगला माणूस आहे, म्हशीला काही कमी पडणार नाही. पण ती म्हैस पारडू होती तेव्हापासून मी वाढवली. मी इथे आईला उचलून बसवते आणि तिकडे माझी जागा रिकामी करून तुम्ही तिथे इंजिन ठेवलंत. विचारलं असतंत तर कदाचित हो म्हटलं असतं. मी विचारल्यावर खोटं लिहिलंत.

विजयादशमीला मी येत नाही.

पौर्णिमा


कडाव
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय पौर्णिमा,
सप्रेम जय भीम.

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. सुनीलला विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनी पत्र घेतात आणि आत जातात." म्हणजे पोचतंय.

म्हैस परत आणली. त्या पत्रात नुसतं आणतो म्हणून लिहिलं होतं. आता आणली. जैतू म्हणाला, "दादा, तिला आता हितं बरं वाटतंय, वहिनी आल्यावर न्या." मी म्हटलं, म्हैस आल्याशिवाय वहिनी येणार नाय. तो हसला नाही. त्याने दावं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मंग चला, मी बी येतो, तुमच्यानं नाय व्हायचं." आणि खरंच झालं नाही. ओढ्यापर्यंत मी म्हशीला नेलं, पुढे म्हशीने मला.

गाडी अंगणात काढली. वर ताडपत्री टाकली आहे. गोठा धुतला, शेण काढलं, दोन दिवस धारही काढली. म्हशीने मला बादलीसकट बाजूला सारलं, म्हणून आता जैतूची बायको जना येऊन धार काढते.

मला वाटलं होतं, गाडी पुरी झाली की तू बघशील आणि राग जाईल. तोपर्यंत म्हशीचं कळलं नाही तर बरं. कचेरीत मी असंच करायचो. अडचणीची फाईल ढिगाच्या खाली सरकवायची आणि वरची कामं भराभर उरकायची. ती खालची फाईल तू होतीस हे माझ्या लक्षात आलं नाही.

घरात मी पिठलं, वरण आणि दुसऱ्या प्रकारचं पिठलं करतो. दुसऱ्या प्रकारचं म्हणजे पहिलं बिघडलं की होतं ते.

तू कधी येतेस ते विचारत नाही. फक्त एवढं लिही की चिडली आहेस. चिडली असलीस तरी चालेल.

दामोदर


खालापूर
८ डिसेंबर २०२४

अहो,
सप्रेम जय भीम.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. म्हैस परत आणलीत ते बरं केलंत. म्हशीचा राग आता नाही. तो दिवाळीपर्यंत होता. मग संपला, आणि संपल्यावर मला कळलं की तरीही मला घरी यायची घाई नाही. म्हणून लिहीत नव्हते.

आई आता काठी घेऊन अंगणात फिरते. स्वतःची भाकरी स्वतः करते. मी नसले तरी तिचं चालेल. तरी मी इथे आहे. सकाळी उठते तेव्हा कुणाला काय हवं ते मनात येत नाही. आई मागते, पण ती जे हवं ते तोंडाने मागते. तुम्ही मागत नाही. तुम्ही नुसते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहता आणि मी ओळखायचं. मी शिकवायचे त्या अंगणवाडीतली मुलं अशी उभी राहायची. पण त्यांना सुटल्यावर आई-बाप येऊन न्यायचे.

हे वाचून तुम्ही स्वतःवर काहीतरी विनोद कराल. करू नका. मी भांडत नाहीये. तुम्ही वाईट नाही आहात, कधीच नव्हतात. मला फक्त थोडं एकटीने राहून बघायचं होतं आणि ते मला आवडलं. कधी येईन ते आज सांगता येत नाही.

सकाळी एक तास मी बाहेर जाते. कुठे ते विचारू नका, आत्ता सांगणार नाही. म्हशीचं तुम्ही सांगितलं नव्हतंत, तसं समजा.

गाडीचं काय झालं ते लिहा. आई विचारत असते.

पौर्णिमा


कडाव
१९ जानेवारी २०२५

प्रिय पौर्णिमा,
जय भीम.

पेन खराब आहे, अक्षराकडे बघू नकोस. तुझं पत्र पुष्कळदा वाचलं. तू म्हणालीस म्हणून विनोद करत नाही.

गाडी पुरी झाली. काळा रंग, लाल चाकं. ब्रशाने मारला त्यामुळे रंगात ब्रशाचे केस आहेत. गेल्या रविवारी मागच्या शेतात चालवून बघितली. जैतू, जना, निलेश, सगळे होते. चालते. थांबण्यात थोडी खोट आहे. ब्रेक परत बघावा लागेल.

तब्येत ठीक. आईंना सांग, गाडी झाली.

दामोदर


खालापूर
२८ जानेवारी २०२५

अहो,
सप्रेम जय भीम.

परवा तिकडून आल्यापासून लिहायचं होतं. तिथे तुम्ही औषधाने पेंगत होतात, अर्धं मी सांगितलंच नाही आणि अर्धं तुम्हाला ऐकू आलं नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

तुमचं ते पत्र आलं, मला वाटलं खरंच पेन खराब असेल. आईला वाचायला येत नाही, पण तिने कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि म्हणाली, "ही अक्षरं पडलेली हायत. ह्यो माणूस पडलाय." मग मी बघितलं. सगळी अक्षरं डावीकडे कललेली. उजव्या हाताने लिहिलेलं नव्हतंच ते. सुनीलला दारात अडवलं. तुम्ही त्याला शपथ घातली होतीत म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तोंड बंद ठेवलं आणि तेही चुकीच्या वेळी. शेवटी बोलला, "वहिनी, दादांचं गळ्याचं हाड मोडलंय. गाडी पेंढ्याच्या उडवीत घातली. पेंढा व्हता म्हणून वाचले."

मला राग आला की रडू आलं ते सांगता येणार नाही, कारण मी तोवर राजेशच्या गाडीवरचं कापड ओढून काढत होते.

सकाळचा एक तास मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जात होते. आईच्या व्यायामासाठी रिक्षावाल्यांची मनधरणी करून कंटाळा आला म्हणून नाव घातलं. शिकवायला सुमित म्हणून एक मुलगा होता, तो मला 'मावशी' म्हणायचा आणि देवाचं नाव घेतल्यासारखा ब्रेकवर पाय ठेवून बसायचा. पहिल्या महिन्यात मी एक कुंपण आणि एक बंद चहाची टपरी पाडली. डिसेंबरात लायसन मिळालं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही हसला असतात. हसला नसतात तर कौतुक केलं असतंत, आणि तेही मला नको होतं. काहीतरी एक फक्त माझं असावं असं वाटत होतं.

तोवर मी गाडी घेऊन खोपोलीच्या पलीकडे कधी गेले नव्हते. आईने काठी टेकत येऊन पुढची सीट धरली. म्हणाली, "मी येतंय. तू मधीच परत फिरशील." मी म्हटलं, तुझा खुबा. म्हणाली, "खुबा बसायलाच दिलाय." कर्जतपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये गेले. तिसरा टाकायला डावा हात उचलावा लागतो आणि मला तो स्टिअरिंगवरून सोडवेना. चौक गावापासून पुढे माझ्यामागे एक वरातच होती. सगळे हॉर्न वाजवत होते. आईला वाटलं ओळखीचे आहेत, ती खिडकीतून हात करत होती. कर्जतच्या चार फाट्यावर गाडी बंद पडली. एक ट्रकवाला खाली उतरला आणि माझ्याकडे बघून परत वर चढला. मग मी तिसरा टाकला. कडावच्या रस्त्याला मी तिसऱ्यात होते, आणि खरं सांगते, तेवढा वेळ मी तुमचं हाड विसरले होते.

तुम्ही ओट्यावर बसून एका हाताने लसूण सोलत होतात. गाडी बघून उठलात. मी काच खाली केली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मान हलवलीत आणि ड्रायव्हर कोण ते बघायला गाडीच्या पलीकडे गेलात. पलीकडे आई होती. मग तुम्ही सावकाश फिरून परत माझ्याकडे आलात. लसणीचा हात गाडीच्या टपावर ठेवून उभे राहिलात. राजेशने विचारलं तर तो वास कशाचा ते तुम्हीच सांगा.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते.

तुम्ही झोपलात तेव्हा मी निलेश आणि जैतूला घेऊन शेतात गेले. गाडी उडवीत नाक खुपसून तशीच होती. निलेशचा चेहरा पडलेला. म्हणाला, "वहिनी, ब्रेक मी जोडला व्हता. काका म्हनतात जोर लावून दाबला तरी लागला नाय. तवापासून मी गेटबी करत नाय." आम्ही पेंढा उपसला. मी आत बसले. आधी ब्रेक दाबला. दगडासारखा घट्ट. पुन्हा दाबला, तसाच. मग खाली वाकून बघितलं. ब्रेकच्या पायपट्टीवर नवा कोरा रबर, त्याला धूळसुद्धा नाही. आणि शेजारच्या, अ‍ॅक्सिलरेटरच्या पट्टीवर तुमच्या बुटाचा चिखल, चांगला दाबून बसलेला.

तुम्ही ब्रेक दाबलाच नाहीत. पहिल्या आठवड्यात मीही हेच केलं होतं. म्हणून तर ती टपरी गेली.

मग चालू केली. जैतू आणि निलेशने ढकलली, एका दमात लागली. तिचा आवाज तुम्हाला ऐकू येत नसणार, म्हणून सांगते. खोल आवाज आहे, घुमतो, छातीत लागतो. जना घरातून धावत आली. मी शेताला पहिला फेरा हळू मारला. दुसरा जरा जोरात. बांधाच्या आधी ब्रेक दाबला आणि ती जागच्या जागी थांबली. तिसऱ्या फेऱ्याला मी निलेशला शेजारी बसवलं. तो उतरला आणि बांधावर बसून राहिला. जैतूने त्याला पाणी आणून दिलं.

तुमची गाडी चांगली झाली आहे. जाळी कुणाच्या तरी बंगल्याची वाटते, रंगात केस आहेत, तेलाच्या डब्यावरची अक्षरं मी वाचली. पण गाडी चांगली झाली आहे. सरळ जाते, वळते, थांबते. चालवणारा वाईट आहे, एवढंच.

गोळ्या वेळेवर घ्या. लसूण खाल्लेला चालतो का ते डॉक्टरांना विचारा.

पौर्णिमा


कडाव
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय पौर्णिमा,
सप्रेम जय भीम.

डाव्या हाताने लिहितोय, हे आता लपवायचं कारण नाही. एका ओळीला फार वेळ लागतो, म्हणून फक्त खरं तेवढंच लिहितो. त्यात जागा कमी लागते.

तुझं पत्र वाचून मी शेतात गेलो. तुझ्या चाकांचे गोल दिसत होते. त्यावर चालत एक फेरा घातला. निलेशला बोलावलं आणि त्याच्यासमोर कबूल केलं की चूक माझ्या पायाची होती. तो म्हणाला, "काका, मला वहिनींनी तवाच सांगितलं. मी तुमाला बोललो नाय, तुमचं हाड बरं व्हऊ द्या म्हनलं." मग दुसऱ्या दिवशीपासून त्याच्या दुकानातून ठोकायचा आवाज यायला लागला. म्हणजे जना म्हणाली की येतोय.

"गाडी चांगली झाली आहे." हे वाक्य तू दोनदा लिहिलं आहेस. मी पुढची ओळ शोधत होतो, जिथे तू टोमणा मारला असशील. तो चालवणाऱ्याला होता. गाडीला नव्हता. पौर्णिमा, ही गाडी करताना मी तिची टिंगल आधीच करून ठेवत होतो. कळंबपासून. दुसऱ्या कुणी करायच्या आत आपण केली की लागत नाही. ब्रेक लागला नाही असं मला वाटलं तेव्हा उडवीत पडल्या पडल्या माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? की बरं झालं, हेच होणार होतं. हाड मोडल्याचं दुःख नंतर झालं. माझ्या हातून काही नीट होऊ शकतं, हे मी धरूनच चाललो नव्हतो.

आणि तू गाडीतून काच खाली केलीस तेव्हा मी पलीकडे का गेलो, ते मला सांगता येत नाही. तुझ्याकडे बघितलं होतं मी. तरी गेलो. त्याची लाज वाटते. त्यावर विनोद सुचतोय, पण लिहीत नाही.

तू परत कधी येतेस ते विचारणार नाही असं लिहिलं होतं. आजही विचारत नाही. वेगळं विचारतो. मी तिकडे येऊ का? म्हैस जैतू आणि जना बघतील, या वेळी तुला विचारून. गाडी ताडपत्रीखाली राहील. मला पिठलं येतं, आणि काय हवं ते तोंडाने मागायचा सराव करतोय. सध्या म्हशीसमोर करतो.

नको असेल तर नको लिही. मी वाईट मानणार नाही. मानलं तर तुला कळवीन.

तुझा,
दामोदर


खालापूर
२ मार्च २०२५

अहो,
सप्रेम जय भीम.

नको. इथे येऊन तुम्ही काय करणार? तुम्ही आणि आई दोघंही दिवसभर मला एकमेकांच्या तक्रारी सांगाल, आणि तुम्हाला तिची ऐकू येणार नाही.

पण तुम्ही विचारलंत, ते बरं वाटलं. ते पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही.

मी विचार केला आहे तो असा. सोमवार ते गुरुवार मी इथे. आईचा व्यायाम आहे, आणि सुमितच्या शाळेत बायकांना शिकवायला एखादी बाई हवी आहे, त्यांना त्याच्या शेजारी बसायला संकोच वाटतो. त्याने मला विचारलं. मी अजून कच्ची आहे हे त्याला सांगितलं, तो म्हणाला, "मावशी, म्हणून तर. तुम्हाला कुठं कुठं चुकतं ते सगळं माहीत हाय." तर जरा हात बसला की पुढच्या महिन्यापासून परीक्षा-बिरीक्षा काय असेल ती देऊन बघणार आहे. शुक्रवारी दुपारी कडावला येईन, रविवारी परत जाईन. राजेशला सांगितलं. तो म्हणाला, गाडी खराब होईल. मी म्हटलं, होऊ दे.

हे कायमचं आहे की नाही ते मला माहीत नाही. पावसाळ्यापर्यंत करून बघू. मधल्या दिवसांत पत्र लिहा. फोनवर तुम्ही पुन्हा 'हो हो' करायला लागाल.

येत्या शुक्रवारी येते. स्वयंपाक तुमचा. पहिल्या प्रकारचं पिठलं करा. शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत शेतात जाऊ. मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा. मशीन कानात घालून बसा, इंजिनाचा आवाज ऐकायचा आहे. 'जरा हळू' म्हणायचं नाही.

एक काम तेवढं आधी करून ठेवा. त्या दिवशी पाठीमागे पेंढ्याचं पोतं घेऊन मी चालवली, तरी क्लचला पाय पुरत नव्हता. तुम्ही सीट तुमच्या मापाने बसवली आहेत. निलेशला सांगून ती चार बोटं पुढे घ्या. आणि नट-बोल्टवर ठेवू नका, वेल्डिंग करून टाका.

पौर्णिमा